पांढरी दोनवरून निघालेली सोनाटा : माद्रिदच्या प्रवेशपरीक्षेचा अनुभव

मोठ्या वयात, परक्या देशात, सरकारी संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा द्यायचं ठरवलं तेव्हा मराठीत कुणी काही लिहिलंय का म्हणून मी बरीच शोधाशोध केली. काही हाती लागलं नाही. इंग्रजीत होतं ते लहान मुलांच्या पालकांसाठी, आणि स्पॅनिशमध्ये होतं ते सगळं सरकारी नियमांच्या भाषेत. म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर सगळं क्रमानं लिहून ठेवतेय.

मी मूळची मिरजेची. घरात पेटी होती. आधी आईकडे आणि मग क्लासला जाऊन दहावीपर्यंत शिकले. गेली अकरा वर्षं माद्रिदला आहे, नोकरी हिशेबाच्या खात्यात. पियानो सुरू केला तो वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आठवड्याला एक धडा. इथे शिक्षिकेला सगळे ‘प्रोफे’ म्हणतात, मीही तेच म्हणते. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुट्ट्या संपवून पहिल्या धड्याला गेले तेव्हा तिनंच विषय काढला. म्हणाली, “आठ वर्षं झाली, आता एकदा परीक्षकांसमोर बसून बघ.”

आधी व्यवस्था सांगते. स्पेनमध्ये कन्सर्व्हेटरीचं, म्हणजे सरकारी संगीतशाळेचं, शिक्षण तीन पायऱ्यांत असतं. प्राथमिक चार वर्षं, त्यानंतरची ‘प्रोफेसिओनाल’ सहा वर्षं आणि मग पदवी. मधल्या सहा वर्षांना प्रवेशपरीक्षा असते. तिथे वेगवेगळ्या शैलीच्या तीन रचना वाजवायच्या, त्यातली किमान एक पाठ. शिवाय संगीतभाषेचा पेपर : ताल वाचणं, बघून गाणं, ऐकून लिहिणं आणि थोडी थिअरी. गुण दहापैकी, पाचला उत्तीर्ण. पण उत्तीर्ण म्हणजे प्रवेश नाही. जागा गुणानुक्रमे भरतात, पियानोला जागा थोड्या आणि अर्ज भरपूर. आणि निकाल त्या एका शैक्षणिक वर्षापुरताच धरला जातो. प्रोफेनं हे सगळं पहिल्या दिवशीच सांगितलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. जागा मिळेल या आशेवर बसले असते तर मे महिन्यातच मोडून पडले असते.

तीन रचनांपैकी दोन पटकन ठरल्या : जर्मन संगीतकार बाखचं एक इन्व्हेन्शन, म्हणजे दोन आवाज एकमेकांचा पाठलाग करतात अशी छोटी रचना, आणि स्पॅनिश संगीतकार ग्रानादोसची एक छोटी रचना. तिसरी अठराव्या शतकातली हवी होती. तिथे मीच हट्ट धरला की मला अंतोनियो सोलेर हा स्पॅनिश संगीतकार वाजवायचाय.

सोलेर माझ्या आयुष्यात रेडिओवरून आला. कामावरून येताना गाडीत त्याची एक सोनाटा, म्हणजे एकट्या वाद्यासाठीची दोन भागांची छोटी रचना, लागली होती आणि घराखाली पोचल्यावरही मी इंजिन बंद करून ती संपेपर्यंत बसून राहिले. नंतर वाचत गेले. जन्म १७२९चा, कातालोनियातल्या ओलोत गावचा. सहाव्या वर्षी मोन्सेरातच्या मठातल्या मुलांच्या गायनशाळेत गेला. १७५२ मध्ये माद्रिदजवळच्या एल एस्कोरियालच्या राजमठात जेरोनिमो पंथाचा साधू झाला, १७५७ मध्ये तिथल्या संगीताचा प्रमुख, आणि १७८३ मध्ये वारला तोही तिथेच. दरबार दर शरद ऋतूत एस्कोरियालला मुक्कामाला यायचा, आणि दरबाराबरोबर संगीतकार दोमेनिको स्कार्लात्ती. इटालियन असून आयुष्याची शेवटची अठ्ठावीस वर्षं स्पेनमध्ये काढलेला हा माणूस. सोलेर स्वतःला त्याचा शिष्य म्हणवून घ्यायचा. पुढे राजा तिसऱ्या कार्लोसचा मुलगा गाब्रिएल सोलेरकडे शिकू लागला. सोलेरच्या कितीतरी सोनाटा या विद्यार्थ्यासाठी लिहिल्या गेल्या असं मानतात. विद्यार्थ्यासाठी लिहिलेलं संगीत आहे, या एका गोष्टीनं मला धीर आला.

सुरुवात मात्र चुकीच्या दारानं केली. डी फ्लॅट मेजरमधली ८८ क्रमांकाची सोनाटा मला फार आवडते, तीच घेते म्हटलं. पाच कोमल स्वर आणि हाताच्या लांबलांब उड्या. तीन आठवडे रोज बसले. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर असतो. तो स्वर शोधायला शिकलेलाच नसतो. माझा डावा हात आठ वर्षांनंतरही उडी मारण्याआधी क्षणभर थबकतो. प्रोफेनं ऑक्टोबरच्या मध्यावर ती वही मिटली आणि डी मेजरमधली ८४ क्रमांकाची सोनाटा पुढे ठेवली. मला वाईट वाटलं, पण दोन दिवसच.

आता नोटेशन मिळवण्याबद्दल, कारण यात माझे तीन आठवडे वाया गेले. सोलेरच्या सोनाटांना एकच सर्वमान्य क्रमांक नाही. सामुएल रुबियो नावाच्या पाद्री संशोधकानं १९५७ ते १९७२ या काळात सात खंडांत १२० सोनाटा छापल्या. ‘आर’ अक्षरापुढचा आकडा तो रुबियोचा. फ्रेडरिक मार्विन या अमेरिकी पियानोवादकानं स्वतंत्र आवृत्ती काढली, तिचे ‘एम’ क्रमांक निराळे. मी दुकानात नुसता आकडा सांगितला आणि भलतीच सोनाटा घरी घेऊन आले. बदलून मिळाली नाही, सोळा युरो गेले. तेव्हा मागताना किंवा रेकॉर्डिंग शोधताना क्रमांकाबरोबर सूर (डी मेजर वगैरे) आणि सुरुवातीचं माप, म्हणजे नोटेशनमधला उभ्या रेघेपर्यंतचा पहिला तुकडा, दोन्ही पडताळा. फुकट हवं असेल तर तोही मार्ग आहे. रिचर्ड फिट्झविल्यम हा इंग्रज उमराव १७७२ च्या फेब्रुवारीत एस्कोरियालला गेला होता, त्याला सोलेरनं सत्तावीस सोनाटांची हस्तलिखितं दिली. त्या पुढे लंडनला रॉबर्ट बर्चल यानं छापल्या. रुबियोचे पहिले सत्तावीस क्रमांक म्हणजे त्याच सोनाटा. त्या जुन्या छापील प्रतीवर कुणाचा हक्क उरलेला नाही. सोलेर बघायचाय एवढंच मनात असेल तर तिथून सुरुवात करावी.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ खरा शिकण्याचा. आणि इथे मला एक अशी अडचण आली जी प्रोफेला कधीच आली नव्हती.

आपला षड्ज एकदा लागला की लागला. तानपुरा सुरू झाला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. माझ्या कानाला ती सवय. डी मेजर म्हणजे माझ्यासाठी पांढरी दोनचा सा, पेटीवरच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा. सोनाटा पांढरी दोनवरून निघते आणि पूर्वार्ध संपतो तो पांढरी सहावर, इथल्या भाषेत ए वर, म्हणजे पंचमावर. पण पंचमावर न्यास करून थांबते असं नाही. पंचमाचाच षड्ज होतो. घरच बदलतं. हे पुस्तकात वाचून मला आठ वर्षांपासून ठाऊक होतं, पण कानानं मी ते कधी मान्यच केलं नव्हतं. मी आपली पहिला सा धरून बसायचे आणि पुढचं सगळं मला लांबलेल्या तानेसारखं ऐकू यायचं. प्रोफे म्हणायची, “तुझं वाजवणं कुठे पोचतच नाही. पोचायच्या जागी तू अजून वाटेत असतेस.”

उलगडा फोनवर झाला. डिसेंबरातल्या एका रविवारी आईला पूर्वार्ध ऐकवत होते. फोन स्पीकरवर ठेवून पियानोवर टेकवलेला. जी शार्प आला तशी आई म्हणाली, “अगं, यमनात गेलीस की! तीव्र मध्यम आला.” मी वाजवायची थांबले. पांढरी दोनच्या सा वरून पाहिलं तर तो तीव्र मध्यमच. आणि पांढरी सहाच्या सा वरून पाहिलं तर तो शुद्ध निषाद, नव्या षड्जाच्या उंबऱ्यावर उभा असलेला. तोच एक स्वर दोन घरांचा. मग मी आईला म्हटलं, “आता मी काय करते ते ऐक, तिथून नी–सा म्हण.” आईनं म्हटलं. तिच्या नी–सा वर माझा ए मेजरचा शेवटचा स्वर बसला आणि पहिल्यांदा मला घर बदललेलं ऐकू आलं. अंगावर काटा आला होता.

त्या दिवसापासून मी सोनाटेच्या नोटेशनवर जिथे जिथे सा हलतो तिथे पेन्सिलीनं लहान सरगम लिहायला लागले. कुठला स्वर दुहेरी आहे त्यावर गोल. उत्तरार्धात असे गोल पुष्कळ झाले, कारण तिथे सोलेर एका घरात फार टिकत नाही. हे काही मला एकटीलाच जाणवलेलं नाही. त्याची ख्यातीच ती आहे. त्यानं १७६२ मध्ये माद्रिदला ‘मॉड्युलेशनची किल्ली’ अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ छापला. एका सुरातून दुसऱ्यात कसं जायचं, सावकाश कसं आणि झटपट कसं, याचा. त्या झटपट प्रकाराला त्यानं ‘आखितादा’ हा शब्द वापरलाय, म्हणजे ढवळलेली, खळबळलेली. ग्रंथावर टीका झाली आणि १७६५ मध्ये त्याला आक्षेपांचं उत्तर छापावं लागलं. म्हणजे त्या काळच्या स्पॅनिश कानांनाही हे सहज पटलेलं नव्हतं. मला याचा मोठाच दिलासा वाटला.

तंत्राबद्दल दोन गोष्टी. सोलेरच्या ट्रिलला, म्हणजे शेजारचे दोन स्वर झपाट्यानं आलटून पालटून वाजवण्याला, मी सुरुवातीला मुरकीसारखं घेत होते, स्वराला लगटून, तालाच्या आतल्या मोकळ्या जागेत. ते चुकतं. इथे ट्रिल वरच्या स्वरापासून, नेमकी ठोक्यावर सुरू होते आणि पुढच्या ठोक्याच्या आत मिटावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या बोटानं मी मेट्रोनोम ५२ वर ठेवून सुरुवात केली, दर आठवड्याला दोन-तीन अंकांनी वाढवत एप्रिलअखेर ९६ पर्यंत आले. दुसरी गोष्ट, मोठं-लहान कुठे वाजवायचं याच्या खुणा जवळजवळ नाहीतच. हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या तारा छेडणाऱ्या वाद्यावर, बोटाच्या दाबानं आवाज मोठा होत नाही, मग लिहिणार काय? ते पियानोवर आपल्याला ठरवावं लागतं. एखादी ओळ लगेच पुन्हा येते तेव्हा मी दुसऱ्यांदा हलकी घेत गेले.

१७ फेब्रुवारीच्या शनिवारी एल एस्कोरियालला जाऊन आले. माद्रिदच्या मोंक्लोआ स्थानकातून ६६१ आणि ६६४ क्रमांकाच्या बस जातात, तासाभराचा रस्ता. मठ सोमवारी बंद असतो. तुमच्याकडे इथला रहिवासाचा परवाना असेल तर ठरावीक वेळी प्रवेश मोफत असतो, कार्ड सोबत ठेवा. आणि स्वेटरवर आणखी एक स्वेटर घाला. डोंगराच्या पायथ्याशी करड्या दगडाचं ते प्रचंड बांधकाम, १५६३ ते १५८४ अशी एकवीस वर्षं चाललेलं, आणि आतल्या भिंतींतून येणारी थंडी बोटांच्या सांध्यांत शिरते. हातमोजे काढले की दोन मिनिटांत बोटं ताठ. अशा जागी तो माणूस एकतीस वर्षं वाजवत आणि लिहीत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर मठाच्या नोंदीत लिहिलंय की तो फार थोडा झोपायचा, मध्यरात्र उलटल्यावर आडवा व्हायचा आणि पहाटे चार-पाचला प्रार्थनेला उठायचा. मधल्या वेळात शंभराहून जास्त सणगीतं, मिस्सा (चर्चमधल्या प्रार्थनाविधीचं संगीत), ऑर्गनच्या रचना, गाब्रिएलचे धडे.

ग्रंथालयात मी सगळ्यात जास्त वेळ काढला. लांबच लांब दालन, छतावर सात विद्यांची चित्रं, त्यात एक संगीत. खालच्या कपाटांत पुस्तकं उलटी लावलेली, पुठ्ठ्याची कणा असलेली बाजू आत आणि पानांच्या सोनेरी कडा बाहेर. नाव दिसत नाही, नुसती सोनेरी रांग. एका कपाटासमोर बराच वेळ उभी होते. मला त्या क्षणी परीक्षेचं काही आठवत नव्हतं. डोक्यात उत्तरार्धातली ती एक जागा चालू होती, जिथे दोन मापांत सा दोनदा हलतो, आणि ती तिथे, त्या थंडीत, मला स्पष्ट ऐकू आली. घरी येऊन मी ती जागा तशी वाजवली.

आता कागदपत्रं. इथे सावकाश वाचा.

अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याला डिजिटल प्रमाणपत्र लागतं. ते सरकारी टांकसाळीकडून मिळतं : आधी संगणकावर अर्ज करून एक कोड घ्यायचा, मग वेळ ठरवून एखाद्या कचेरीत जाऊन ओळख पटवायची, मग घरी येऊन प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. पहिली आणि शेवटची पायरी त्याच संगणकावर, त्याच ब्राउझरमध्ये व्हायला हवी. मधल्या काळात माझ्या मुलीनं संगणक साफ करून दिला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. कचेरीची वेळ मिळायला पुन्हा नऊ दिवस. म्हणून एप्रिलमध्ये अर्ज भरायचा असेल तर प्रमाणपत्राचं काम फेब्रुवारीत उरका.

दुसरी अडचण नावाची, आणि ती आपल्या लोकांना हमखास येते. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. फॉर्ममध्ये दोन रकाने. आपल्याला आडनाव एक आणि मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. माझ्या रहिवास कार्डावर नवऱ्याचं नाव माझ्या नावाला जोडून छापलंय, म्हणजे ते ‘नाव’ या रकान्यात. परीक्षाशुल्क भरताना मी ते सवयीनं पहिल्या आडनावाच्या रकान्यात घातलं. अर्जावर एक नाव, पावतीवर दुसरं. शुल्काची रक्कम इथे सांगत नाही, दरवर्षी बदलते. ज्या फॉर्मनं ती भरतात त्याचा क्रमांक ०३०.

१५ एप्रिलला अर्ज गेला. ९ मेला तात्पुरती यादी लागली. यादीत नाव नसतं, ओळख क्रमांकातले काही आकडे असतात आणि बाकी तारे. माझे आकडे ‘वगळलेले’ या भागात होते, समोर कारणाचा एक कोड, आणि खाली बारीक अक्षरात त्या कोडचा अर्थ : शुल्क भरल्याचा पुरावा जुळत नाही. सात महिने. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मग आईला फोन केला. ती म्हणाली, “पावती तुझ्याकडे आहे ना? पैसे तूच भरलेत ना? मग जा आणि सांग.” इतकं साधं होतं ते.

दुसऱ्या दिवशी कन्सर्व्हेटरीत गेले. शाळेचं नाव लिहीत नाही, गरजही नाही. खिडकीवर पहिल्यांदा सांगितलं की हे ऑनलाइनच करायचं, इथे नाही. ऑनलाइन तक्रारीच्या फॉर्ममध्ये फाइल एकच जोडता येत होती आणि मला तीन जोडायच्या होत्या. तिन्ही कागद एका पीडीएफमध्ये एकत्र केले : पावती, कार्डाच्या दोन्ही बाजू, पासपोर्टचं पान. सोबत चार ओळींचं पत्र, त्यात फक्त एवढंच की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. मुदत कामकाजाच्या दिवसांत मोजतात हे लक्षात ठेवा. माद्रिद शहरात २ मे आणि १५ मे या दोन्ही दिवशी सुट्टी असते, त्यातल्या १५ मेचा मला उलट फायदा झाला. २४ मेच्या अंतिम यादीत माझे आकडे वरच्या भागात आले.

त्या काळात मी एक गोष्ट वाचली. सोलेरनं १७७१ मध्ये बार्सिलोनाला एक पुस्तक छापलं होतं, संगीताचं नाही, कातालोनियाच्या नाण्यांचा कास्तियाच्या नाण्यांशी हिशेब कसा जुळवायचा याचं. आधी कुणीतरी निनावी छापलेल्या पुस्तकातल्या चुका दाखवण्यासाठी. मी हिशेबनीस आहे. रकाने जुळत नाहीत म्हणून अडकलेल्या त्या आठवड्यात, एक साधू मेणबत्तीशेजारी बसून दुसऱ्याचे आकडे तपासतोय हे चित्र मला फार जवळचं वाटलं.

मे महिन्यात पाठांतर. सोनाटा पाठ वाजवायचं ठरलं होतं. नुसत्या हाताच्या सवयीवर केलेलं पाठांतर परीक्षकांसमोर दगा देतं हे प्रोफेचं म्हणणं, म्हणून मी घरांचा क्रम पाठ केला : आधी सा कुठे, मग कुठे, परत केव्हा. पियानोपासून लांब, मेट्रोत उभ्या उभ्या, तो क्रम मनात म्हणायचे. घरी माझा डिजिटल पियानो आहे, जुना घेतलेला, ४८० युरोंचा. त्याच्या पट्ट्या हलक्या आहेत. म्हणून शेवटचे सहा आठवडे शनिवारी खऱ्या पियानोची खोली तासाला नऊ युरो देऊन घेतली. हा खर्च टाळू नका. पहिल्या शनिवारी माझी प्रत्येक ट्रिल अर्ध्यात अडकली होती.

आधी संगीतभाषेचा पेपर झाला, ४ जूनला. इथे पुन्हा सा आडवा आला. स्पेनमध्ये ‘दो’ म्हणजे कायम सी, पांढरी एक. घर कुठेही असो, स्वराचं नाव बदलत नाही. आपल्याकडे घर हललं की नावंही त्याच्याबरोबर हलतात. ऐकून लिहायच्या धड्यात मला सगळं सरगममध्ये ऐकू येतं आणि कागदावर दो-रे-मी लिहायचं असतं. मी यावर काढलेला मार्ग असा : पहिल्यांदा वाजवतात तेव्हा पेन्सिलीनं ओळीच्या वर नुसतं सा रे ग म लिहून घ्यायचं, आणि बदल दुसऱ्या-तिसऱ्या वेळी करायचा. परीक्षेत जी मेजरची धून आली. सा म्हणजे सोल (जी चं इथलं नाव), एवढं एक वाक्य वरच्या कोपऱ्यात लिहिलं आणि उतरवत गेले. शेवटचं माप चुकलं, ते बाहेर येताच कळलं. बाकाशेजारी दहा-अकरा वर्षांची मुलं होती. एका मुलीनं मला विचारलं, “तुम्ही कुणाची आई?” मी म्हटलं, मीही परीक्षेलाच आलेय. तिनं खोडरबर हवं का विचारलं.

११ जूनला वादन. बोलावलं होतं साडेपाचला, नंबर आला सात वाजून दहा मिनिटांनी. खाण्यापिण्याचं सोबत न्या, आणि हात गरम ठेवायला काहीतरी. त्या इमारतीत वातानुकूलन जोरात होतं. तिन्ही परीक्षकांसाठी नोटेशनच्या प्रती नेल्या होत्या, प्रत्येक संच वेगळा पिनअप केलेला. त्यांनी त्या घेतल्या, क्रम विचारला आणि सुरू करा म्हणाले.

बाख बरं झालं. ग्रानादोस थोडं घाईत. मग सोनाटा. पुनरावृत्ती घ्यायची नाही हे प्रोफेनं आधीच विचारून ठेवलं होतं. तुम्हीही विचारून ठेवा. पूर्वार्ध गेला. जी शार्पवर मला आईचा आवाज ऐकू आला, खरंच. पांढरी सहावर पोचले आणि पोचल्यासारखं वाटलं. उत्तरार्ध सुरू झाला, पहिलं घर, दुसरं घर, ग्रंथालयातली ती जागा, आणि तिथेच मधल्या परीक्षकांनी मान वर करून हळू आवाजात म्हटलं, “ग्रासियास.” धन्यवाद, म्हणजे आता थांबा.

वेळ कमी असतो, पुढे पाचजण थांबलेले असतात, परीक्षकांना जे ऐकायचं ते ऐकून झालेलं असतं. मधेच थांबवणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि त्यातून चांगलं-वाईट काही समजू नये, हे मला आधीच कुणी सांगायला हवं होतं. म्हणून तुम्हाला सांगतेय. मला त्या क्षणी वाटलं ते वेगळंच होतं. सा कुठेतरी तिसऱ्याच पट्टीवर होता आणि मी तो तसाच सोडून उठले. पिशवी उचलली, आभार मानले, बाहेर आले. मेट्रोत माझी बोटं पर्सवर पुढची मापं वाजवत होती.

घरी पोचेपर्यंत साडेनऊ झाले होते. मिरजेत मध्यरात्र उलटून गेलेली, पण आई जागी होती. हेडफोन काढून ठेवले, फोन स्पीकरवर टाकला आणि जिथे थांबवलं होतं तिथपासून वाजवायला घेतलं. शेवटच्या ओळीत पांढरी दोन लागली तशी आई पलीकडून हलकेच सा म्हणाली आणि तो स्वर धरून राहिली. मीही शेवटची पट्टी सोडली नाही, डिजिटल पियानोचा आवाज विरून जाईपर्यंत.

१ जुलैला निकाल. ५.९. उत्तीर्ण, प्रतीक्षायादीत चौदावी. पहिल्या आठवड्यात माझा क्रमांक अकरावर आला, सप्टेंबरमध्ये सहावर, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला यादी बंद झाली. वाईट वाटलं, आठवडाभर पियानो उघडला नाही. मग प्रोफेनं विचारलं की त्या मिटवून ठेवलेल्या डी फ्लॅटच्या सोनाटेचं काय करायचं.

सगळा खर्च धरला तर धडे सोडून साधारण दोनशे युरो झाले : खोलीचं भाडं, नोटेशन, शुल्क, बस, झेरॉक्स. डिजिटल प्रमाणपत्र चार वर्षं चालतं, माझं २०२८ पर्यंत आहे. काळी एकचा सा लावून डावा हात रोज वीस मिनिटं एकटाच उड्या मारतो. एप्रिलमध्ये अर्ज भरताना नवऱ्याचं नाव ‘नाव’ या रकान्यात लिहायचंय.